पक्षाघातानंतरच्या हातासाठी स्वस्त रोबोट: घेण्याआधी काय तपासावे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पक्षाघाताच्या झटक्यानंतर कमजोर झालेला हात रोबोटच्या मदतीने पुन्हा हलू लागतो, अशा बातम्या वर्तमानपत्रांतून अधूनमधून येतात. हल्ली त्यांत ‘कमी खर्चातला’ रोबोट हा विषयही असतो. यंत्र कोणी बनवले आणि ते बड्या यंत्रांपेक्षा किती स्वस्त पडते, एवढे बातमीत कळते. ते हाताचे नेमके काय करते, कुणाच्या उपयोगी पडते आणि कुठे फसते, हे सहसा राहून जाते. फिजिओथेरपी, व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) आणि उपकरणांची बांधणी या बाजूंनी या विषयात काम करणाऱ्या आम्हा काही जणांना त्याबद्दल सविस्तर लिहावेसे वाटले. पत्र लांबले आहे, सांभाळून घ्यावे.

रोबोट मेंदूत कसलीही दुरुस्ती करत नाही. तो हालचाली पुन्हा पुन्हा करवून घेतो, एवढेच. पण हे ‘एवढेच’ फार मोलाचे आहे, कारण नेमके तिथेच नेहमीच्या उपचारात कमी पडते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात असे दिसले, की हाताच्या पुनर्वसनाच्या बैठकांपैकी जेमतेम निम्म्या बैठकांत प्रत्यक्ष कामाच्या हालचालींचा सराव झाला, आणि जिथे झाला तिथे तो सरासरी ३२ वेळा. याउलट एमआयटी-मॅनस या यंत्रावर एका बैठकीत हजाराच्या घरात हालचाली होतात. हे यंत्र अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी १९८९ पासून विकसित केले. टेबलावरच्या सपाट पातळीत खांदा आणि कोपर हलवणारी दोन मोटारींची ही भुजा पुढच्या बऱ्याच यंत्रांची पूर्वज ठरली.

मग निकाल काय? २०१० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या चाचणीत पक्षाघाताला सहा महिन्यांहून अधिक काळ लोटलेले १२७ रुग्ण होते आणि १२ आठवड्यांत ३६ बैठका होत्या. बारा आठवड्यांनी रोबोटचा गट नेहमीच्या उपचारापेक्षा ठोसपणे सरस ठरला नाही. छत्तिसाव्या आठवड्यात फ्युगल-मेयर मोजणीत, म्हणजे हातासाठीच्या ६६ गुणांच्या पट्टीवर, २.८८ गुणांचा फरक दिसला. मात्र थेरपिस्टने तितक्याच वेळा हालचाली स्वतः करवून घेतलेल्या गटापेक्षा रोबोट पुढे गेला नाही. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेली ब्रिटनमधील चाचणी याहून मोठी, ७७० रुग्णांची. त्यात हाताच्या वापरात ठरवलेली सुधारणा रोबोट गटात ४४ टक्के, जादा थेरपीच्या गटात ५० टक्के आणि नेहमीच्या उपचारात ४२ टक्के रुग्णांनी गाठली. रोबोट आणि नेहमीचा उपचार यांतला फरक नगण्य होता. दुसऱ्या बाजूला अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात ४५ चाचण्यांमधील १,६१९ रुग्णांची गोळाबेरीज रोबोटच्या बाजूने झुकते. हाताची ताकद, हाताचा वापर आणि दैनंदिन कामे या तिन्हींत थोडी सुधारणा दिसते.

आम्ही याचा अर्थ असा लावतो: चांगल्या थेरपिस्टने तितकाच सराव करवून घेतला तर रोबोट त्याच्या बरोबरीला येतो, वर चढत नाही. तेव्हा रोबोटच्या बाजूने उरतो तो एकच मुद्दा, एका थेरपिस्टच्या तासाभरात किती रुग्णांना पुरेसा सराव मिळतो. इटलीतील आठ केंद्रांवर २४७ रुग्णांची जी चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली, तिच्यात एक थेरपिस्ट एका वेळी तीन रुग्णांवर लक्ष ठेवत होता आणि हाताचा निकाल नेहमीच्या समोरासमोरच्या थेरपीइतकाच आला. स्वस्त रोबोटचे सगळे गणित या तीनच्या आकड्यावर उभे आहे. यंत्र निम्म्या किमतीत मिळाले, पण प्रत्येक रुग्णापाशी एक माणूस पूर्ण वेळ बांधलेला राहिला, तर बचत काहीच झाली नाही. उलट त्या माणसाने यंत्राविना काम केलेले बरे.

या दृष्टीने पाहिले की यंत्रातल्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी मोठ्या होतात. उदाहरणार्थ, हात बांधण्याचा साचा. पंचेचाळीस मिनिटांच्या बैठकीत पट्टे लावायला पंधरा मिनिटे गेली तर एका माणसाला तीन यंत्रे सांभाळता येणार नाहीत. चार मिनिटांत हात बसला पाहिजे. त्यासाठी कोपरापासून मनगटापर्यंत उघडी पन्हळ, आत धुता येणारा फोम, दोन रुंद वेल्क्रो पट्टे, आणि मुठीसाठी जाडी बदलता येणारी दांडी पुरते. पट्टा पाच सेंटिमीटरपेक्षा अरुंद असला तर ताठर हातावर तो रुततो. बैठकीनंतर कातडीवरचा लालसरपणा वीस मिनिटांत गेला नाही, तर साचा चुकीचा आहे असे समजावे. बोटे घट्ट मिटलेली असतील तर ती ओढून दांडीवर बसवू नयेत. आधी मनगट थोडे तळव्याच्या बाजूला वाकवले की बोटे सैल पडतात. मग अंगठा बाजूला घेऊन एकेक बोट उघडावे आणि शेवटी मनगट सावकाश सरळ करावे.

आता मोटारीकडे. स्वस्त रोबोट फसण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे गिअर. बाजारात मिळणारी छोटी गिअरवाली मोटार आकर्षक वाटते, कारण थोड्या पैशांत भरपूर जोर मिळतो. पण गिअरचे प्रमाण जितके मोठे, तितक्याच्या वर्गाने मोटारीचे जडत्व रुग्णाच्या हाताला जाणवते. ५० ला १ असा गिअर असेल तर २,५०० पट, ५ ला १ असेल तर फक्त २५ पट. त्यात दातांचे घर्षण वेगळे. ज्याच्या खांद्यात नुकती कुठे हालचाल उगवते आहे, त्याचा दोन-तीन न्यूटनांचा, म्हणजे दोन-तीनशे ग्रॅम वजनाइतका, प्रयत्न अशा गिअरमध्ये विरून जातो. रुग्णाने जोर लावला, दांडी हलली नाही, यंत्राला प्रयत्न दिसला नाही, आणि मग यंत्रच हात ओढून नेते. सराव झाल्याचा भास होतो, सराव होत नाही.

खरेदीपूर्वी याची परीक्षा सोपी आहे. यंत्राची वीज बंद करा, दांडीला हुकाचा स्प्रिंगकाटा अडकवा आणि ती सावकाश ओढत पूर्ण टेबलभर फिरवा. काटा ३०० ग्रॅमच्या आत राहिला तर उत्तम. अर्ध्या किलोच्या वर जात असेल तर कमजोर हातासाठी ते यंत्र घेऊ नये. एखाद्या ठिकाणी काटा अचानक उडी मारत असेल, तर तिथे बेअरिंग किंवा मोटारीचा पट्टा अडतो आहे. विक्रेता ‘वीज चालू केल्यावर हलके वाटते’ असे म्हणेल. सेन्सर लावून घर्षण लपवता येते हे खरे आहे, पण तो सेन्सर बिघडला की खाली तेच जड यंत्र उरते.

स्वतः बांधणाऱ्यांसाठी हिशेब असा. हाताला ३० न्यूटन, म्हणजे साधारण तीन किलोच्या वजनाइतका जोर पुरतो, जास्त द्यायचाही नसतो. भुजा ३० सेंटिमीटरची धरली तर भुजेच्या सांध्यावर ९ न्यूटन-मीटर इतका फिरवणारा जोर लागतो. ५ ला १ टायमिंग बेल्ट (दातेरी पट्टा) लावला की मोटारीवर १.८ न्यूटन-मीटर येतात. हा आकडा मोटारीच्या क्षणिक जोराशी न ताडता सतत देता येणाऱ्या जोराशी ताडावा. ताठर हात मिनिटभर अडून बसतो तेव्हा मोटार फिरत नाही, नुसती तापते. जागा मोजणारा एन्कोडर सांध्यावर बसवला आणि तो १२ बिटचा, म्हणजे एका फेरीचे ४,०९६ भाग करणारा असेल, तर एक पायरी ०.०८८ अंशांची, म्हणजे दांडीपाशी जवळपास अर्धा मिलिमीटर. जागेसाठी हे पुरते, पण त्यावरून वेग काढला की आकडे नाचतात आणि हाताला घरघर जाणवते. तोच एन्कोडर मोटारीच्या दांड्यावर बसवला तर पाचपट बारीक मोजणी मिळते. पायरी-पायरीने फिरणारी स्टेपर मोटार मात्र या कामाला घेऊ नये. ती जागा धरून ठेवायला बनलेली आहे, रुग्णाच्या प्रयत्नाला वाट द्यायला नाही.

आणखी एक बिघाड नवशिक्यांना हमखास चकवतो. रुग्णाने दांडी जोरात ढकलली की मोटार जनित्र बनते, वीज उलटी पुरवठ्याकडे जाते, विजेचा दाब (व्होल्टेज) वाढतो आणि पुरवठा बंद पडतो. यंत्र ‘कारण नसताना’ बंद होते आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. ही वीज जिरवणारा रोधक पहिल्या दिवसापासून बसवावा.

मदत किती करायची हा उपचाराचा गाभा. हात आणि पडद्यावरचा पुढे सरकणारा ठिपका यांना जोडणारे एक रबर आहे अशी कल्पना करा. रबराचा कडकपणा मीटरला १०० न्यूटन ठेवला आणि हात १० सेंटिमीटर मागे राहिला, तर १० न्यूटनांची ओढ बसते. ठिपक्यासोबत हात नीट चालला तर ओढ शून्य. हे रबर कायम कडक ठेवले की रुग्ण नकळत आळसावतो. यंत्र करते आहे ना, मग मेंदू जोर काढून घेतो. म्हणून प्रत्येक यशस्वी हालचालीनंतर कडकपणा थोडा कमी व्हावा आणि फसल्यावर थोडा वाढावा, अशी व्यवस्था लागते. दहापैकी सात-आठ प्रयत्न जमत असतील तर पातळी बरोबर बसली. दहाच्या दहा जमत असतील तर यंत्र फार मदत करते आहे, आणि निम्मे फसत असतील तर रुग्ण पुढच्या आठवड्यात येणार नाही.

ताठरपणा वेगावर अवलंबून असतो. हात झटक्याने ओढला की स्नायू उलट आखडतो. म्हणून १४ सेंटिमीटरची हालचाल दीड-दोन सेकंदांपेक्षा कमी वेळात करवू नये आणि सुरुवात-शेवट हळुवार असावेत. ठरावीक जोराची मर्यादा अर्धा सेकंद ओलांडली गेली तर यंत्राने ढकलत न राहता सैल पडले पाहिजे. ज्या यंत्रात ही मर्यादा थेरपिस्टला बदलता येत नाही, ते आमच्या मते अपुरे आहे.

सुरक्षेत काटकसर करू नये, आणि तिला फार खर्चही येत नाही. लाल बटणाने मोटारीची वीज थेट तोडली पाहिजे. बटण संगणकाला निरोप देणार आणि संगणक मोटार थांबवणार, ही रचना नाकारावी. संगणक अडकला तर शंभर मिलिसेकंदांच्या आत मोटारी आपोआप मोकळ्या सुटाव्यात. भुजेला लोखंडी अटकाव हवेत, म्हणजे सॉफ्टवेअर काहीही म्हणाले तरी कोपर उलटे ताणले जाणार नाही. सपाट पातळीतल्या यंत्राचा मोठा फायदा इथेच आहे. वीज गेली तरी हात टेबलावरच राहतो, खाली पडत नाही. हात उचलून धरणाऱ्या, अंगावर चढवायच्या यंत्रात ही सोय मुद्दाम बांधावी लागते आणि किंमत तिथे चढते. पुनर्वसनाच्या रोबोटसाठी आयईसी ८०६०१-२-७८ हे २०१९ चे आंतरराष्ट्रीय मानक आहे. विक्रेत्याकडे त्यानुसार झालेल्या तपासणीचे कागद मागावेत.

यंत्र कितीही चांगले असले तरी बसण्याची पद्धत चुकली की सगळे वाया जाते. ही चूक अगदी जवळून पाहावी लागते. पडद्यावर लक्ष्य समोर आहे, रुग्ण दांडी पुढे नेतो, ठिपका लक्ष्यावर पोहोचतो, टाळ्यांचा आवाज होतो. पण कोपराकडे पाहा: तो सुरुवातीला जितका वाकलेला होता तितकाच अजून आहे. पुढे गेली ती पाठ. खांदा कानाकडे चढला, धड झुकले, आणि यंत्राने एक यश नोंदवले. यंत्राला दांडीची जागा तेवढी कळते, धड कळत नाही. म्हणून खुर्ची पाठीला टेकणारी असावी, छातीवरून श्वासाला अडथळा न होईल असा रुंद पट्टा असावा, आणि टेबल कोपर वाकवल्यावर पन्हळ सहज टेकेल इतक्या उंचीवर असावे. पाय जमिनीला पूर्ण टेकलेले हवेत. खांदा सांध्यातून निसटलेला असेल तर पन्हळीने हाताचा भार पूर्ण पेलला पाहिजे. साठ किलोच्या माणसाचा एक हात सुमारे तीन किलोचा असतो, आणि तो लोंबत राहिला तर खांदेदुखी ठरलेली. हात खांद्याच्या उंचीच्या वर नेणारे व्यायाम यंत्रावर करूच नयेत.

कुणाला बसवावे? ज्याच्या खांद्यात किंवा कोपरात थोडी तरी हालचाल आहे पण हात हवेत पेलवत नाही, त्याला सर्वाधिक उपयोग. ज्याचा हात बऱ्यापैकी चालतो त्याला रोबोटची गरज नाही. त्याने खऱ्या वस्तूंनी काम करावे. न जुळलेले हाड, पन्हळीच्या जागी जखम, कायमचा आखडलेला सांधा, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा फेफरे, आणि हात लावला तरी असह्य होणारी खांदेदुखी, यांत यंत्र नको.

बैठकीची आखणी आम्ही अशी सुचवतो. पहिली पाच मिनिटे मदत बंद ठेवून मोजणी: आठ दिशांना हात स्वतःहून किती जातो. मग पंचवीस मिनिटे यंत्रावर सराव, दर पाच मिनिटांनी मिनिटभर विश्रांती. उरलेली पंधरा मिनिटे यंत्र सोडून. पेला पकडून सरकवणे, टॉवेलची घडी, डब्याचे झाकण, बटण. हा शेवटचा भाग वगळण्याचा मोह फार होतो, कारण यंत्र रिकामे राहते. पण ब्रिटनच्या चाचणीतला धडा हाच आहे. तिथे हालचाल मोजण्याच्या पट्टीवर रोबोट गटात सुधारणा दिसली, तरी ती हाताच्या वापरात उतरली नाही. टेबलावर दांडी फिरवण्यात तरबेज झालेला हात आपोआप पेला उचलू लागत नाही.

मोटार परवडत नसेल तर तिच्याशिवायही बरेच काही होते. कॅलिफोर्निया विद्यापीठात बनलेल्या टी-रेक्स या साधनात मोटार नव्हतीच. रबरी पट्ट्यांनी हाताचा भार पेलला जाई, आणि रुग्ण पडद्यावरचे खेळ स्वतःच्या जोरावर खेळे. त्याचेच पुढे व्यापारी यंत्र झाले. जुनाट पक्षाघाताच्या २८ रुग्णांवरच्या चाचणीत हे साधन वापरणारा गट आणि टेबलावरचा नेहमीचा व्यायाम करणारा गट, दोन्ही सुधारले, आणि रुग्णांना हे साधन अधिक आवडले. लहान केंद्राने सुरुवात इथून करावी असे आम्हाला वाटते: भार पेलणारी पन्हळ, तिच्याखाली गोळ्यांची चाके, गुळगुळीत लॅमिनेटचे टेबल, आणि जागा टिपणारा साधा कॅमेरा. चाकांऐवजी नुसते कापड घातले तर घर्षण किती पडते पाहा. हाताचा निम्मा भार टेबलावर आला आणि घर्षणांक ०.२ धरला, तर हलण्याआधीच ३ न्यूटन खर्ची पडतात.

खरेदीच्या निविदेत मोटारीची ताकद आणि पडद्याचा आकार असतो, पण वर्षभरात काय झिजते ते नसते. वेल्क्रो काही महिन्यांत पकड सोडतो. हलत्या सांध्यातून जाणारी एन्कोडरची तार आतून तुटते आणि कधी जोडलेली, कधी तुटलेली असते, त्यामुळे दोष सापडत नाही. मोटारीचा पट्टा सैल पडतो आणि मोजणी सरकते. दोन वर्षांचे पट्टे, तारा, फोम आणि एक सुटी मोटार यंत्रासोबतच घ्यावी. दर आठवड्याला दांडी टेबलावरच्या पाच खुणांवर ठेवून आकडे ताडावेत. पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर त्या दिवशी मोजणी नोंदवू नये. सॉफ्टवेअरचा परवाना दरवर्षी नव्याने विकत घ्यावा लागणार असेल, किंवा इंटरनेट नसताना यंत्र चालत नसेल, तर सुरुवातीच्या किमतीला स्वस्त म्हणण्यात अर्थ नाही. प्रत्येक हालचालीची नोंद साध्या फाइलमध्ये केंद्राला मिळाली पाहिजे, आणि त्या नोंदीत मोटारीने किती जोर लावला हा रकाना असलाच पाहिजे. तो नसेल तर हजार हालचालींपैकी रुग्णाच्या किती आणि यंत्राच्या किती, हे कधीच कळत नाही.

बातमी देणाऱ्यांकडेही एक मागणे आहे. ‘रुग्णांत सुधारणा झाली’ असे विक्रेता सांगतो तेव्हा किती रुग्णांत, पक्षाघातानंतर किती दिवसांनी, कोणत्या पट्टीवर किती गुणांनी, आणि तुलनेच्या गटाला किती वेळ थेरपी मिळाली, हे विचारावे. पहिल्या तीन महिन्यांत हात काही प्रमाणात आपोआपही सुधारतो, त्यामुळे तुलनेचा गट नसलेला दावा त्या काळात फारसा उपयोगाचा नाही. फ्युगल-मेयरवर पाचेक गुणांपेक्षा कमी फरक असेल तर तो रुग्णाला रोजच्या कामात जाणवेलच असे नाही.

यंत्र घरी नेता येईल का, हा प्रश्न नातेवाईक नेहमी विचारतात. मोटारीचे यंत्र देखरेखीशिवाय घरी देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मोटार नसलेली पन्हळ आणि टेबल देता येते, पण आधी काळजी घेणाऱ्या व्यक्तीने हात बसवणे, धड झुकते का ते ओळखणे आणि खांदा दुखला की थांबणे या तीन गोष्टी थेरपिस्टसमोर करून दाखवलेल्या असाव्यात, आणि आठवड्यातून एकदा नोंदी तपासणारा माणूस केंद्राने नेमलेला असावा.

आपले,
पुनर्वसन आणि वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रातील काही वाचक